बेंदऱ्याच्या चौदा काड्या

“ह्यानं लोणी तरी कापलं जातं का, मामा?”

मी चाकूचं पातं अंगठ्यावर दाबत विचारलं. चांगलंच दाबलं होतं. अंगठ्यावर एक पांढरी रेघ उठली आणि बघता बघता मिटून गेली. पात्याला तीन ठिकाणी खवले पडले होते, टोक वाकलं होतं. पितळी मूठ तेवढी चाळीस वर्षांच्या हाताळणीनं गुळगुळीत झाली होती.

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव. शिराळ्याच्या पुढं डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बाराच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला पटका, अशा थाटात ते ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसले होते. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“आठ वर्सं खताची पोतीच फाडलीत त्येनं,” मामा म्हणाले. “कलमं बांधायची सोडली, तवापासनं त्येला कोण इचारतंय? कुरुंदाच्या दगडावर शंभर हात मारलं की येतंय वाटंवर. पर मला वाकाय येत न्हाई.”

“तुम्ही कशाला वाकताय? मी आहे ना.”

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उज्ज्वला उभी होती. तिनं कपाळाला हात लावला नाही, एवढंच. गाडीच्या डिकीत मी काय घालून आणलंय, ते तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं, की गावाला येणारा रस्ता रुंद होणार होता आणि त्यात मामांच्या बांधावरचं आंब्याचं झाड जाणार होतं. त्याचं नाव बेंदऱ्या. भागातले सगळे आंबे मिरगाला संपतात. हा मात्र बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याला, पिकायचा. बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला की घरात पुरणपोळी आणि बेंदऱ्याचा रस, असा मामांच्या वडलांपासूनचा रिवाज. असं उशिराचं दुसरं झाड पंचक्रोशीत नव्हतं. मामांनी कृषी खात्याच्या रोपवाटिकेत तीस वर्षं माळीकाम केलेलं. लोकांच्या आंब्यांची हजारो कलमं त्यांनी बांधली आणि स्वतःच्या बेंदऱ्याचं एकही बांधलं नाही. झाड कुठं पळून जातंय, असं म्हणत चाळीस वर्षं गेली. आता सोमवारी रस्त्याची माणसं करवत घेऊन येणार होती, आणि आज शनिवार होता.

“झाड म्हातारं, नवी फूट थोडी,” मामा सांगत होते. “चौदाच काड्या बऱ्या गावल्या. धा दिसामागं गड्याला चढवून त्यांची पानं काढून घेतलीत, डोळं फुगल्यात. उद्या सकाळी उतरायच्या आन् लगोलग बांधायच्या. बाकीच्या फांद्या काय कामाच्या न्हाईत.”

म्हणजे बेंदऱ्याचा वंश चौदा काड्यांवर आला होता आणि त्या काड्या कापणारा चाकू माझ्या हातात होता. एखाद्या शहाण्या माणसानं तो परत मामांच्या मांडीवर ठेवला असता. मी डिकी उघडायला गेलो.

माझा धंदा सांगायला हवा. पुण्यात मापं तपासायचे गेज बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. अशा माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की जगात चुका करणारे एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला आपण. त्यात सव्वा वर्षापूर्वी मी धार लावायचा एक संच परदेशातून मागवला होता. पातं पकडीत घट्ट बसवायचं, दांडीला दगडी पट्टी अडकवायची आणि दांडी मागंपुढं करायची. हात हलला तरी कोन हलत नाही. कोन मोजायला काडेपेटीएवढी एक डबी होती, तिच्यावर आकडे उमटायचे. आमच्या घरात सुऱ्या तीनच. सहा महिन्यांत मी त्यांना इतक्या वेळा धार लावली, की भाजीची सुरी निम्मी झाली आणि उज्ज्वला विळी वापरायला लागली. मग मी शेजाऱ्यांच्या सुऱ्या मागायला लागलो. पुढं पुढं शेजारी दार उघडेनासे झाले.

मी ओसरीवर चटई टाकून संच मांडला. मामी, म्हणजे सासूबाई, चहा घेऊन आल्या आणि पितळी दांड्या, पकडी, सात रंगांच्या पट्ट्या बघून जरा लांबच उभ्या राहिल्या.

“ह्ये काय दवाखान्याचं हाय व्हय?” त्यांनी विचारलं.

“धार लावायचं आहे, मामी. वीस अंशाचा कोन. दोन्ही बाजूंना सारखा.”

मामा खुर्चीत जरा पुढं सरकले. “प्रमोदराव, वाईच ऐका. त्येचं एक अंग सपाट...”

“तेच बघतोय मी,” मी म्हणालो. “एका बाजूला उतार आहे आणि दुसरी बाजू साफ सपाट झालीय. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घासल्यावर असं होतंच. सुधारतो मी.”

मामांनी तोंड उघडलं. मामींनी त्यांच्याकडं बघून डोळे मोठे केले. “पाव्हण्यास्नी काय सांगताय? इंजिनेर हायत त्ये.”

मामांनी तोंड मिटलं. काळ्या चष्म्यामुळं त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी बघितलं नसतं. त्या घरात जावयाला कुणी नाही म्हणत नसे. सतरा वर्षांत मी तिथं गोठ्याच्या टाकीला आपोआप बंद होणारा नळ बसवला होता, चुलीला धुराडं लावलं होतं, विहिरीचा रहाट बदलला होता. प्रत्येक वेळी मामा म्हणाले होते, “झकास.” त्या एका शब्दासाठी मी पुण्याहून पाच तास गाडी चालवत यायचो.

दुपारी दोनला बसलो तो साडेपाचला उठलो. आधी भरड पट्टीनं खवले काढले. घासता घासता पात्याच्या काठावर धातूची अगदी बारीक झालर उठते. ती बोटाला लागली, की पातं उलटवायचं आणि दुसऱ्या बाजूनं घासायचं. सपाट बाजूवर नवा उतार काढायला जास्त घाम गाळावा लागला. चाळीस वर्षांचं वाकडं सरळ करतोय, अशा भावनेनं मी तो गाळला. मग बारीक पट्टी, त्याहून बारीक, शेवटी चामडं. डबी लावून बघितली. या बाजूला वीस, त्या बाजूला वीस. मी हातावरचे केस कापून दाखवले. पेपरचं पान धरलं आणि त्याची पट्टी खाली पडली. मामींनी “अगं बया” म्हणत ती पट्टी उचलून बघितली.

मामांनी चाकू हातात घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला, आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या. दुसऱ्या बाजूवर अंगठा थांबला.

“झकास,” मामा म्हणाले.

रात्री मला छान झोप लागली.

सकाळी काड्या उतरवल्या. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या त्या चौदा काड्या अंगणातल्या टेबलावर ठेवल्या, शेजारी पिशव्यांत वाढवलेली कोयांची रोपं. मामांना वाकायला लागू नये म्हणून टेबल, ही कल्पनाही माझीच होती, आणि ती बरी होती. मामा कापणार, उज्ज्वला प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधणार. लहानपणी तिनं वडलांच्या, म्हणजे तिच्या आण्णांच्या, हाताखाली शेकडो कलमं बांधली होती.

कलमाची रीत साधी असते. रोपाचा शेंडा उडवायचा आणि मधोमध चीर द्यायची. काडीचं बूड दोन्हीकडून तासून पाचर करायची आणि ती त्या चिरेत बसवायची. लाकूड लाकडाला जागा न सोडता चिकटलं, तर काडी जगते.

मामांनी पहिली काडी तासली. पाचर डोळ्यांसमोर धरली, बराच वेळ धरली, आणि काडी मांडीवर ठेवून दिली. “काडीच वाकडी हाय,” ते म्हणाले.

दुसरी तासली. तीही मांडीवर गेली. “गाठ आडवी आली.”

तिसरीच्या वेळी त्यांच्या पटक्याखालून घाम निथळायला लागला. त्यांनी दोनदा तासली, तीनदा तासली, आणि काडी वितीची बोटभर झाली.

“धार जास्त झाली का, मामा?” मी विचारलं. “सवय नसते. मनगट सरळ ठेवून बघा.”

“आण्णा, सांगा त्यांना,” उज्ज्वला म्हणाली.

“काय न्हाई, काय न्हाई.”

“मग मी सांगते.”

“उजे, पाव्हणं हायत त्ये,” मामा हळूच म्हणाले. आणि त्याच वेळी रस्त्याकडून ट्रकचा आवाज आला. रस्त्याची माणसं सोमवारऐवजी रविवारीच आली होती. लगेच दोर टाकल्याची आरडाओरड सुरू झाली आणि करवतीचं यंत्र खाकरायला लागलं. मामांचा हात थांबला.

आता मला काय सुचावं? माझ्या मनात खरोखर दया आली होती, हे आधी सांगतो. मी उठलो, पोत्यातून चौथी काडी उचलली आणि चाकूसाठी हात पुढं केला.

“मामा, हात थरथरतोय तुमचा. आणा, मी कापतो.”

“ठेव ती.”

मला वाटलं ते उज्ज्वलाला म्हणतायत.

“प्रमोद, ठेव ती काडी खाली. खाली ठेव म्हन्तो न्हवं!”

मी ठेवली. मामा मांडीवरच्या काड्या टेबलावर ठेवून उठले होते. त्यांनी त्यातली पहिली काडी आणि चीर दिलेलं एक रोप उचललं, पाचर चिरेत बसवली आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. “बघ. काय दिसतंय?”

पाचर आणि चीर यांच्यामधून सकाळचा उजेड दिसत होता. सुईभर रुंद असेल, पण दिसत होता.

“कलमाचा चाकू एका अंगानंच घासत्यात. दुसरं अंग सपाट ठेवत्यात. सपाट अंग लाकडावर टेकतंय, म्हणून काप सरळ येतोय. तू दोन्ही अंगानं धार काढलीस. आता पातं लाकडात घुसतंय आन् भायेर पळतंय. काप आला खोलगट, नांगराच्या तासागत. ह्या फटीतनं काडी वाळून मरती. तीन मारल्या. माझ्या बाच्या झाडाच्या तीन काड्या म्या तुझ्या तोंडाकडं बघून मारल्या.”

“आवं, जावाय हायत,” मामी पदर तोंडाला लावून म्हणाल्या.

“जावाय हाय म्हणून सतरा वर्सं गप बसलो. त्यो गोठ्यातला नळ. म्हस दोन दिस तहानली, टाकीत थेंब न्हाई. ते धुराडं. सगळा धूर उलटा घरात, हिचं डोळं गेलं असतं. त्यो रहाट. तुजी गाडी वळणाला लागूस्तवर दम धरायचा आन् मग काढून ठेवायचं. माळ्यावर ढीग पडलाय. जा, बघून ये.”

मी उज्ज्वलाकडं बघितलं. ती प्लॅस्टिकच्या पट्टीची गुंडाळी करत होती. फारच काळजीपूर्वक करत होती.

माझे कान तापले. आधी राग आला. गाडीत बसावं आणि सरळ पुणं गाठावं असं वाटलं. पण पोत्यात अकरा काड्या होत्या आणि बांधावर करवत चालू होती. सतरा वर्षं मी ज्या ‘झकास’वर जगत होतो, ते सगळं माळ्यावर पडलं होतं, आणि पुढच्या खेपेला येऊन मी एकदाही तपासलं नव्हतं. त्याची लाज वाटायला वेळ पुष्कळ होता, आणि काड्यांना तेवढा नव्हता.

“दुरुस्त होईल का?” मी विचारलं.

“दगडाजवळ बस.”

न्हाणीशेजारी कुरुंदाचा दगड होता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलो. मामा माझ्या डोक्यावर ताठ उभे राहिले, कारण त्यांना वाकायची बंदी होती. नाहीतर त्यांनी मला बाजूला ढकलून स्वतःच घासलं असतं.

“पातं पालथं घाल. निजीव त्येला, पार निजीव. पाठ उचलू नगं.”

मी डबी आणावी का, असं विचारलं.

“त्यो डबा घे आन् हिरीत टाक.”

मी घासायला लागलो. सपाट बाजूवर मी काढलेला तो देखणा उतार आता पूर्ण घासून घालवायचा होता. काल साडेतीन तास खपून केलेलं काम आज उलटं करायचं. उज्ज्वला तांब्यानं पाणी सोडत होती.

“मला कधी सांगायचं तरी,” मी तिला हळूच म्हणालो.

“सांगायला लागले की तुम्ही मापपट्टी आणायला जायचात,” ती म्हणाली.

“बोलू नका. दाबतोय त्यो,” वरून आवाज आला. “दाबू नगं रं. दगडाला त्येचं काम करू दे. पानी. आता बोट लाव. अजून उतार लागतोय का न्हाई?”

“लागतोय.”

“मंग इचारतोस काय? घास.”

दीड तास गेला असेल. माझ्या बोटांची सालं निघाली. मामींनी दोनदा येऊन “ऱ्हाऊ द्या आता” म्हटलं आणि मामांनी दोनदा त्यांना परत पाठवलं. शेवटी मामांनी चाकू मागून घेतला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. “आणखी थोडं.” मी आणखी थोडं घासलं. मग उताराच्या बाजूनं चार हलके हात, आणि सपाट बाजूनं एक.

टेबलाशी बसून मामांनी चौथी काडी घेतली. एकच काप इकडून, एकच तिकडून. पाचर चिरेत सरकली. त्यांनी रोप उचलून माझ्यासमोर धरलं आणि मी त्यातून बघितलं. उजेड नव्हता.

“बांध,” ते उज्ज्वलाला म्हणाले.

सहावं की सातवं कलम चाललं होतं, तेव्हा बांधावरून कुणीतरी “हटा, हटा” म्हणून ओरडलं. मग लाकूड फाटल्याचा लांबच लांब आवाज आला आणि पायाखालची जमीन हादरली. मामींनी भिंतीला हात टेकला. मामांनी मान वर केली नाही. हातातला चाकू काडीवर तसाच टेकलेला राहिला. काळ्या चष्म्याखालून एक ओघळ मिशीपर्यंत आला. त्यांना डोळ्यांना पाणी लावायची बंदी होती. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलंही नाही.

“किती राह्यल्या?” मामांनी विचारलं.

“पाच,” मी म्हणालो.

“दे.”

मी एकेक काडी ओल्या पोत्यातून काढून देत राहिलो. अकराच्या अकरा बांधून झाल्यावरच ते उठले.

पुढचे तीन आठवडे मी रोज फोन केला. मामा फोनवर एवढंच म्हणायचे, “कलम हाय त्ये, मशीन न्हवं.” तीन आठवड्यांनी मी विचारलं, किती जगली? तर म्हणाले, “यिऊन बघ.” उज्ज्वलाला शाळेच्या परीक्षांचं काम होतं. मी एकटाच निघालो. डिकीत काहीही नेलं नाही.

घरामागं गवताच्या मांडवाखाली पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या. चार काड्या काळ्या पडल्या होत्या. सात काड्यांच्या शेंड्यांना तांबूस, ओलसर दिसणारी पानं फुटली होती, लहान मुलाच्या कानाएवढी. मी ती तीनदा मोजली. मामांनी चष्मा काढलेला होता. ते माझ्याकडं बघत होते.

“सात,” मी म्हणालो.

“मोजून झालं न्हवं? मंग पानी घाल. झारीनं. वरनं न्हाई, बुडात.”

मी पाणी घातलं. दुसऱ्या पिशवीला जास्त झालं म्हणून बोलणी खाल्ली. जेवणात मामींनी जावयाला म्हणून अजून एक पोळी आग्रहानं वाढली. मामा मात्र आपलं ताट संपवून उठून गेले, माझ्यासाठी थांबले नाहीत. एरवी जावयाचा घास संपेपर्यंत ते पाटावर बसून राहायचे.

निघताना मामींनी नारळ आणि टॉवेल दिला. मामा दरवेळी गाडीपर्यंत यायचे आणि हात जोडून उभे राहायचे. या वेळी ते घरामागून आलेच नाहीत. मनात म्हटलं, रागावलेत अजून. मी गाडी फाटकाबाहेर काढली आणि वळून बघितलं. ओसरी रिकामी होती.

“प्रमोद.” घराच्या कोपऱ्यावर मामा उभे होते, हातात झारी. “फाटक नीट लाव जाताना. शेरडं शिरत्यात. पानं कवळी हायत.”

एवढं बोलून ते परत मागं गेले. सतरा वर्षांत त्या घरातून निघताना मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मी गाडीतून उतरलो, फाटक ओढलं, कडी घातली आणि हलवून बघितली. गाडी वळणापर्यंत नेली. तिथं थांबवली, चालत मागं आलो आणि कडी पुन्हा एकदा हलवून बघितली.